एक कमी

सर्व्हर पडला नव्हता.
पडला असता तर बरं झालं असतं.
पडलेलं निदान आवाज करतं.

पाच वाजून वीस मिनिटांनी वाजलेला फोन यंत्राचा नव्हता,
टॉर्सहाव्हनच्या धक्क्यावरून हानुसचा होता,
मागे वारा, ताणलेले दोर, कुणाचं तरी खोकणं.
"रान्वा, यादीत अकरा आहेत.
मी बारा मोजतोय.
दोनदा मोजले. एकदा हातमोजे काढून."

मी एका पायात मोजा घालून
स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला.
रात्रभराचा लॉग चाळला:
पाहुणे यायच्या आधीच्या घरासारखा लख्ख.
सगळे दिवे हिरवे, कुठे ओरखडा नाही.
तेव्हा पोटात गोळा आला.

सुदुरोयची बोट सहाला सुटते.
माणसं पाण्यावर जातात, यादी किनाऱ्यावर राहते.
ती कशाला असते हे आमच्या बेटांवर कुणी समजावत बसत नाही;
खाली कुणीच पुरलेलं नाही असे
नावं कोरलेले दगड
गावोगावच्या चर्चपाशी उभे आहेत.

उतरले कोडच्या जुन्या भागात,
जिथे याकुपनंतर कुणी फिरकलं नव्हतं.
प्रत्येक उतारूचं नाव घे,
यादीत लिही,
काही बिघडलंच तर
आणि पुढे दोन महिरपी कंस.
मध्ये काहीच नाही.
एवढी देखणी महिरप, आत देव नाही.
शेजारी त्याच्याच हातची टीप:
"असं कधी होणार नाही."

म्हणजे एरर आली होती.
रीतसर आली होती, हातात कागद घेऊन,
काय मोडलं, कुठल्या ओळीवर, सगळं सांगायला.
आम्हीच तिला दारात गाठून
तोंडावर हात ठेवला
आणि पुढच्या उतारूला आत घेतलं.
याआधी कितींना असं गप्प केलं
त्याची नोंद अर्थातच नाही.

बारावं कोण ते हानुसलाच सापडलं.
तुरिद योएन्सेन, इस्पितळातून घरी निघालेली,
तिच्या कोटाच्या आत चार दिवसांची मुलगी.
तिकीट रीतसर काढलेलं, शून्य क्रोन,
वय भरलेलं,
नावाची जागा कोरी.
बाप मासेमारीला गेलाय, तो आल्यावर ठरवू म्हणतात.

याकुपला फोन केला. भांडायला, खरं सांगायचं तर.
तो उठलेलाच होता, मेंढ्यांपाशी.
आमच्या वेळी, म्हणाला, कडेवरची पोरं
कोण मोजत होतं?
मग बराच वेळ नुसत्या मेंढ्याच ऐकू आल्या.
मग म्हणाला, "मी लिहिलं होतं ना,
असं कधी होणार नाही?"
हो.
"खोडून टाक."

सहाला सतरा मिनिटं कमी.
बोटं आपसूक 'अज्ञात' टाइप करू लागली,
अशा वेळी सगळे तेच करतात,
भोकावर एक शब्द चिकटवतात नि झोपायला जातात.
पण अज्ञात कशी?
अख्ख्या बोटीला ऐकू येत होती ती,
मलाही, हानुसच्या फोनमधून.
खोडलं. नाव नसणं हीसुद्धा एक नोंद धरली,
आणि यादीत तिची ओळ उमटली:
तुरिदची मुलगी, नाव व्हायचं आहे.

राहिले ते कंस.
उद्या तिथे काय येऊन धडकेल मला माहीत नाही,
एखादं आडनाव, एखादी तारीख,
मी कल्पनाही केली नाही असं काहीतरी.
म्हणून शहाणपण केलं नाही. एवढंच लिहिलं:
मला कळलं नाही.
बोट सोडू नका.
कुणाला तरी उठवा.

सहा वाजून नऊ मिनिटांनी भोंगा झाला.
हानुस फोन ठेवायला विसरला होता;
तो यादी मोठ्याने वाचत होता,
एकेक नाव, एकेक "हो",
आणि शेवटच्या ओळीला कुणीतरी हसलं,
कुणीतरी तिच्या वतीने "हो" म्हणालं.

दुसरा मोजा अजून माझ्या हातातच होता.